दाराबाहेरचे बूट

रविवारी सकाळी कलावतीबाईंनी पेटीतून मुलाचे बूट काढले, ओल्या फडक्यानं पुसले आणि दाराबाहेर, आपल्या आणि सुनेच्या चपलांशेजारी ठेवले. मग मागं सरकून पाहिलं. बूट फार सरळ दिसत होते. त्यांनी वाकून त्यातला एक तिरका केला. बुद्धभूषण लहानपणापासून बूट कधी नीट काढून ठेवत नसे.

"आई, काय करून राहिल्या?" थुईनं आतून विचारलं.

"काही नाही. तू पोहे भिजव. येतीनच ते आता."

ते म्हणजे पोलीस. परदेशी माणसांची नोंद ठेवणाऱ्या शाखेतले हवालदार साहू. त्यांनीच फोन करून रविवार सांगितला होता. रविवारी आदमी घरी सापडतो, असं त्यांचं म्हणणं.

थुई व्हिएतनामची. समुद्रकाठच्या एका गावात पोलादाचा मोठा कारखाना आहे, तिथं बुद्धभूषण कामाला होता. तिथंच लग्न झालं आणि तो तिला घेऊन रायपूरला आला. काही दिवस त्यानं सिलतऱ्याच्या एका कारखान्यात नोकरी केली. मग ओमानची नोकरी मिळाली. "जम बसला की तुला बोलावतो," असं बायकोला सांगून तो गेला, त्याला आता दुसरं वर्ष लागलं होतं.

थुईला भारतात राहता येत होतं ते त्याची बायको म्हणून. मुदत वेळोवेळी वाढवून घ्यावी लागे, आणि त्याची अट साधी होती. नवरा-बायको एका घरात राहत असले पाहिजेत. मागच्या खेपेला तो सुट्टीवर आला होता, त्यामुळे निभावलं. या खेपेलाही कागदांवर निभावलं असतं कदाचित. पण एक चूक झाली होती, आणि ती कलावतीबाईंची होती.

उन्हाळ्यात थुईची आई आजारी पडली म्हणून ती माहेरी जाऊन आली. परदेशी माणूस घरी आला की घरमालकानं लगेच पोलिसांना कळवायचं असतं. हा नियम बाईंना ठाऊक होता. पहिल्या वर्षी तेलीबांध्याच्या एका नेटच्या दुकानात बसून त्यांनीच तो अर्ज भरला होता. पण थुई माहेराहून परतली त्या दिवशी त्यांनी दारात तिच्या पायांवर पाणी घातलं, बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावली, खीर केली. अर्जाची आठवण झाली तेव्हा त्या स्वतःशीच हसल्या. सून आपल्या घरी आली, यात पोलिसांना काय कळवायचं?

मुदतवाढीचा अर्ज गेला तेव्हा ते उघडकीला आलं. वरून हुकूम आला की घरी जाऊन तपासा, कोण कोण राहतं ते पाहा.

काल संध्याकाळी बाईंनी मुलाला फोन लावला होता.

"मम्मी, छुट्टी नहीं मिलेगी," बुद्धभूषण म्हणाला. त्याला मराठी सगळं समजे, पण शाळेत जायला लागल्यापासून तो हिंदीतच उत्तर द्यायचा.

"चार दिवसासाठी ये बाबू. नाही तर तिले जा लागंन."

"देखते हैं।"

"देखते हैं नको म्हणू. मले साफ सांग, तू तिले तिकडे नेतं का नाही?"

"मम्मी, अभी रखता हूँ, ड्यूटी है।"

बाईंनी फोन ठेवला. थुई समोरच भाजी निवडत बसली होती. बाईंनीही एक जुडी ओढून घेतली. जेवताना त्या म्हणाल्या, "उद्या ते काही विचारतीन, तर तू फक्त हव म्हण. बाकी मी बोलतो."

"हव," थुई म्हणाली.

कलावतीबाई रेल्वेच्या शाळेत शिकवत असत. नवरा, दयाराम, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होता. तो वारला, शाळाही सुटली, तेव्हापासून त्या दर रविवारी पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मुलांना अंगणात बसवून मराठी शिकवू लागल्या. सगळ्यांचे आजे-पणजे नागपूर, भंडाऱ्याकडून आलेले. मुलांना मराठी ऐकू येई, पण तोंडातून हिंदीच निघे. बाई विचारत, "काहून उशीर झाला?" मुलं सांगत, "मम्मी ने लेट उठाया।" बाई रागवत नसत. थांबत, तेच वाक्य मराठीत म्हणून दाखवत आणि पुढं जात.

थुई या घरात आली तेव्हा तिला ना हिंदी येई ना मराठी. ती मुलांच्या मागं पाटी घेऊन बसू लागली. पोट्टे हसायचे. एवढी मोठी बाई आणि अ-आ-इ गिरवते! तीही हसायची. पण ती शिकली. बाजारात लोक हिंदी बोलतात, हे तिला कळलं ते पुष्कळ नंतर. तोवर तिची मराठी पक्की झाली होती, तीही बाईंचीच, मले-तुले करणारी. सगळ्या घरात, सगळ्या पाऱ्यात, कलावतीबाईंना मराठीत उत्तर देणारं माणूस एकच होतं, आणि ते व्हिएतनामचं होतं.

साहू आले तेव्हा मुलं येऊन बसली होती. बाईंनी त्यांना पाठ लिहायला सांगितला आणि हवालदारांना आत बसवलं. साहूंनी दाराशी जोडे काढले. ते धुळीनं भरलेले होते. शेजारचे चकचकीत बूट त्यांनी पाहिले आणि ते आत आले.

"बहू कौन?" त्यांनी विचारलं.

"ही. थुई."

"नमस्ते," थुई म्हणाली आणि पाण्याचा पेला पुढं केला.

साहू छत्तीसगढी माणूस, बोलायला मोकळा. पोहे खाता खाता त्यांनी विचारलं, तुमच्याकडं काय खातात? थुईनं सांगितलं, भात, मासे. आणि तांदळाच्या पिठाचं, तुमच्या फऱ्यासारखं. साहूंना हसू आलं. "फरा! ले, फिर तो आप हमारी तरफ की ही हुईं।"

मग त्यांनी बशी बाजूला ठेवली, पिशवीतून कागद काढला. "बेटा कहाँ है, अम्मा?"

"ड्यूटीवर. सिलतऱ्याले." बाईंचा आवाज जराही हलला नाही. "शिफ्टमधी रविवार कुठी असते, साहूजी."

"यहीं रहता है? साथ में?"

"इथंच राहते. जाईन कुठी? हे पाहा त्याचा टॉवेल. दाढीचं सामान मोरीत आहे."

टॉवेल दोरीवर होता. बाईंनी तो सकाळी भिजवून वाळत घातला होता. साहूंनी मान हलवली. त्यांना अजून दोन घरं पाहायची होती, ऊनही चढत होतं. त्यांनी पेन काढलं आणि थुईकडं वळले. "आपसे भी पूछना पड़ता है, कायदा है। आपके पति आपके साथ रहते हैं?"

थुईनं बाईंकडं पाहिलं.

"हव," ती म्हणाली.

बाहेर मुलं कुजबुजत होती.

थुईचा हा आवाज कलावतीबाईंच्या ओळखीचा होता. धडा समजलेला नसतो, पण बाई आपल्याकडं पाहताहेत, त्यांना बरं वाटावं, म्हणून एखादं पोर उत्तर देतं, तेव्हा असाच आवाज येतो. बारीक आणि स्वच्छ. शाळेत असताना अशा पोराला त्या कधी शाबासकी देत नसत. त्याच्याजवळ जाऊन बसत आणि विचारत, तुले खरं काय वाटते ते सांग. थुईला त्यांनी काल काय, या दोन वर्षांत एकदाही तसं विचारलं नव्हतं. हिला जावंसं वाटतं का, राहावंसं वाटतं, काहीच विचारलं नव्हतं. शिकवलं होतं फक्त.

साहू लिहू लागले होते.

"थांबा साहूजी," बाई म्हणाल्या. "नाही राहत तो इथं."

पेन थांबलं.

"ओमानले आहे. येत नाही. फोनवरही धड बोलत नाही. ते बूट मी सकाळी पेटीतून काढले."

थुईनं मान खाली घातली. साहूंनी पेनाला टोपण लावलं. रागावले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

"फिर ये यहाँ क्यों रुकी हैं?" त्यांनी विचारलं.

उत्तर थुईनं दिलं. हिंदीत विचारलेल्या प्रश्नाला तिनं मराठीत सांगितलं, "आई एकट्या आहेत."

"मी एकटी आहो, म्हणून भेटते का व्हिसा, साहूजी?" बाईंनी विचारलं.

"ऐसा कोई कॉलम नहीं है, अम्मा।" साहूंनी कागदाची घडी घातली. "मैं वही लिखूँगा जो आपने अभी बोला। पहले वाला मैंने नहीं सुना। वीज़ा इस महीने तक है। बाहर जाने की इजाजत का कागज बन जाएगा, तकलीफ नहीं होगी। बाद में बेटा साथ आए, तो फिर से अर्जी लगाए।"

जोडे घालताना ते दारात थांबले. चकचकीत बुटांकडं बोट दाखवून हळू म्हणाले, "इनको बाहर ही रहने देना। अकेली औरत का घर रहेगा अब।"

ते गेल्यावर बाई थुईजवळ जाऊन बसल्या. "तुले खरं काय वाटते ते सांग," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी नको सांगू."

थुईला वेळ लागला. मराठीत सगळं बोलता येत असूनही लागला. "मले माह्या आईची आठवण येते," ती म्हणाली. "रोज येते. आनि तुमचीबी यीन, तिकडं गेल्यावर."

"मंग येऊ दे," बाई म्हणाल्या. "आठवणीले काही व्हिसा लागत नाही."

थुई हसली. मग दोघी उठून अंगणात गेल्या. मुलांचा पाठ कधीचा लिहून झाला होता.

कागद वेळेवर झाले. मान्याच्या विमानतळावर पोचवायला आलेल्यांना दाराच्या आत सोडत नाहीत, म्हणून निरोप बाहेरच, गाड्यांच्या हॉर्नमध्ये झाला. थुईच्या बॅगेत पाटी होती. ती बाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, जेवत जाजा. एकट्या असलं की तुमी चहावर भागवता." बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. काचेपलीकडं ती बराच वेळ दिसत राहिली. मग पुढच्या रांगेत कोणी उंच माणूस आला आणि ती दिसेनाशी झाली.

या खेपेला बाई विसरल्या नाहीत. परदेशी माणूस गेला की तेही कळवायचं असतं. विमानतळावरून त्या सरळ एसपी ऑफिसला गेल्या. साहू जागेवर नव्हते. दुसऱ्याच एका तरुण शिपायानं नोंद घेतली. "विदेशी गया?" त्यानं न पाहताच विचारलं.

"सून गेली," बाई म्हणाल्या. त्याला ते समजलं की नाही कोण जाणे. त्यानं लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी आल्यावर त्यांनी दार उघडलं. आत शिरताना सवयीनं "आली वं मी" असं निघालं तोंडातून. भाताचं पातेलं दोघींच्या मापाचं होतं. त्यात एका माणसाचा भात तळाशी लागायचा. छोटं पातेलं काढायला त्यांनी वरच्या फळीकडं हात नेला, मग तसाच खाली घेतला आणि चहा टाकला. चहा उकळताना थुईचं बोलणं आठवलं, तेव्हा गॅस बंद करून पीठ मळायला घेतलं.

बूट दाराबाहेरच होते. रात्री कडी लावण्याआधी त्या एकदा डोकावून पाहत, जागेवर आहेत ना. धूळ बसली तर पुसत नसत. मग वापरातले वाटतात.

रविवारी मुलं आली. सगळ्यांत आधी पिंकी, शेजारच्या पद्मिनीची नात. ती दारातच थबकली.

"बाई, भूषण भैया आ गए क्या?"

"मराठीत विचार."

पिंकीनं ओठ दाबले, वर पाहिलं. बाई थांबल्या. "भूषणभैया... आले का?"

"नाही आले."

"मग बूट काहून आहे?"

बाकीची मुलं अजून गल्लीत होती. बाईंनी आजवर एकाही मुलाचा प्रश्न टाळला नव्हता. समजेल अशा शब्दांत, पण खरं उत्तर द्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मनात दोन-तीन उत्तरं आली. ती त्यांनी सोडून दिली.

"मले एकटीले भेव वाटते," त्या म्हणाल्या. "म्हणून ठेवले."

पिंकीनं त्यावर थोडा विचार केला. मग आपल्या चपला काढल्या, त्या मोठ्या बुटांना चिकटून सरळ ठेवल्या आणि अंगणात येऊन पहिल्या ओळीत बसली.