पहिली धार

“गोळी घेताना याच्या हातून पाणी सांडतं. हात थरथरतो का?” डॉक्टरीणबाईंनी जर्मनमध्ये विचारलं, आणि मी विलासला न विचारताच “या, या” असा जर्मनमधला होकार देऊन मोकळी झाले.

२००५ सालचा फेब्रुवारी. कोलोनच्या एका एचआयव्ही मदतकेंद्रात मी दुभाषी म्हणून जायचे. विलास वसावे सातपुड्यातला भिल्ल, इथल्या हॉटेलात तंदूर सांभाळायचा. आजार उशिरा कळला, काम सुटलं. केंद्राने खोली दिली, गोळ्या सुरू केल्या. त्याला ध्यास एकच, होळीला आईकडे जायचं. तिकीट काढलेलं होतं. डॉक्टरांचं प्रवासाचं पत्र तेवढं बाकी होतं.

“तुम्ही पुण्याची माणसं पोळी खाऊन झोपता, मावशी,” तो मला चिडवायचा. “आमची होळी बघायला या एकदा.”

माझ्या त्या होकारावर पत्र अडलं. आजार मेंदूत गेला असेल, तपासण्या होईपर्यंत विमान नाही, असं ठरलं. तपासण्या महिनाभर रेंगाळल्या आणि सगळ्या चांगल्या निघाल्या. तोवर होळी होऊन गेली होती.

मी निकाल सांगायला गेले तेव्हा नर्स रेनाटे त्याला गोळ्या देत होती. त्याने पेला तिरका करून दोन थेंब फरशीवर सोडले. हात अगदी स्थिर होता.

“हे तू मुद्दाम करतोस?”

“पहिली धार आपल्या जुन्या माणसांची, मावशी. त्यांना सोडून कसं प्यायचं?”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीस?”

“मला कुठं विचारलं कोणी?” तो हसत म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

मी रेनाटेला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या खाटेशेजारी एक कुंडी आली. झाड नव्हतं, नुसती माती.

पुढच्या होळीला नक्की, असं आम्ही म्हणत राहिलो. नोव्हेंबरात न्यूमोनियाने तो गेला. गावच्या आश्रमशाळेत मी फोन केला. आईला भिलीच येत होती. मास्तर प्रत्येक गोष्ट तिला विचारायचे, मगच मला सांगायचे. तिचा प्रश्न एकच होता.

“तिथं त्याला धार कोण देईल?”

आता वयामुळे माझ्याही सकाळच्या गोळ्या पाच झाल्या आहेत. ती कुंडी माझ्या बाल्कनीत आहे. तिच्यात मी कधी काही लावलं नाही. माती मात्र रोज ओली असते.