ओबोदाईचं मढं पुलावर चढतं

ओबोदाईचं मढं डोक्यावर घेताना ओकाईला वास आला तो मढ्याचा नव्हे, अडोटेच्या तोंडाचा. सकाळच्या पारी ताडी ढोसून आलेला अडोटे त्याच्या कानाला लागला होता.

"बायकांच्या आवाराकडे वळव. अमेर्लेच्याच दाराला धडक बसली पाहिजे. मागं लांकवाय आहे, तो रेटेल. तू फक्त आडवा येऊ नकोस."

शी! सख्खा भाऊ काल समुद्रात गेला, आज पहाटे लाटांनी फुगवून वाळूवर आणून टाकला, त्याचं अंग अजून धड सुकलं नाही, आणि याचा जीव अडकलाय त्याच्या होडीत. होडी तेवढी शाबूत परत आली होती ना! ती होडी अमेर्लेनं मासळी भाजून, विकून, पै पै जमवून नवऱ्याला घेऊन दिलेली. अडोटेनं तिच्यासाठी एक काडी इकडची तिकडे केली नव्हती. पण वहिनी चेटकीण ठरली, गावाबाहेर गेली, की होडी आपसूक त्याच्या पदरात. मागच्या बाजूला फळीखाली मान देऊन उभ्या राहिलेल्या लांकवायला त्या होडीत बसायची जागा कबूल झाली होती. लाज कशी वाटत नाही या लोकांना, देव जाणे.

अकोटी गावात कुणी धडधाकट माणूस अवचित मेला की त्याला चटईत गुंडाळून फळीवर बांधतात आणि फळी दोघांच्या डोक्यावर देतात. मग मढंच वाट काढतं, असं म्हणतात. ओढतं, थांबतं, गर्रकन मागं फिरतं, आणि ज्यानं जीव घेतला त्याच्या दाराला जाऊन धडकतं. धडक बसली की विषय संपला. ओकाईचा बाप जन्मभर फळीखाली राबलेला. मढं काही ओढत नसतं पोरा, ओढते ती मान, हे त्यानंच मरताना ओकाईला सांगितलं होतं. आणि हे बाहेर कुठं बोलू नकोस, असंही बजावलं होतं.

आणि ओबोदाईला कुणी मारलं हे ओकाईला कुणा मढ्याकडून ऐकायची गरजच नव्हती. तो त्याच होडीत होता.

पुलापलीकडे सरकारी बंदर आणि तिथं निशाणाचा खांब. खांबावर लाल झेंडा असेतोवर एकाही होडीनं खाडीच्या तोंडातून आत यायचं नाही. नियमाचं नाव काय, तर सुरक्षित जलवाहतूक! काल झेंडा चढला तो बंदराच्या साहेबाच्या टेकडीवरच्या बंगल्यासाठी आलेला पियानो उतरवायला. मध्ये आपल्या होड्या नकोत, धक्का लागायला नको. बरं, पियानो उतरला. उतरला की नाही? उतरला. पण झेंडा तसाच, कारण झेंडा उतरवणारा गडीच पियानोला हात द्यायला टेकडीवर गेला होता. बाहेर लाटा वाढत होत्या. होड्या आडव्या होऊ लागल्या. ओबोदाई ओरडत होता, "शिरू या रे आत, शिरू या!" पण गेल्या खेपेस झेंड्याचा नियम मोडून आत शिरणाऱ्यांची जाळी जप्त झाली होती, म्हणून सगळे दातओठ खात बसून राहिले. मग एक लाट कुशीवर आली. ओकाई पोहत निघाला. ओबोदाई निघाला नाही.

ओकाईनं हे कालच संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांनी चुकचुक केली, माना डोलावल्या. मच्छीमारांचा मुखिया नुमो बोर्ते म्हणाला, "झेंड्यावर फिर्याद कुठं करायची, बाबा?" आणि लगेच दुसऱ्या तोंडानं, अमेर्लेनं दोन दिवस नवऱ्याकडे जेवण पाठवलं नव्हतं हे खरं का, याची चौकशी सुरू. भांडण झालं होतं नवरा-बायकोचं, कुणाचं होत नाही? गावाच्या रीतीप्रमाणे बायका त्यांच्या आवारात, पुरुष त्यांच्या, आणि रोज संध्याकाळी बायकोकडून केंकीचं, आंबवलेल्या मक्याच्या उंड्यांचं, झाकलेलं ताट यायचं. दोन दिवस ताट आलं नाही. तेवढ्यावर अडोटेनं गावभर केलं, "केंकी पाठवली नाही, शाप पाठवला!" आणि लोकांनी ते मिटक्या मारत खाल्लं.

ढोल वाजला. फळी हलली.

ओकाईनं पहिल्यांदा ठरवलं होतं ते एवढंच की अमेर्लेच्या दाराला धडक बसू द्यायची नाही. कुठंतरी एखाद्या पडक्या भिंतीशी नेऊ, मढ्याचं समाधान झालं म्हणू. किनाऱ्यानं निघाले. मागं सगळं गाव, अंगाला सुतकाची लाल माती फासून, आणि त्यांच्या डोळ्यांत दुःख कमी, उत्सुकता जास्त. तमाशा बघायला निघाल्यासारखी माणसं! चटईतून पाणी गळत होतं, ते ओकाईच्या मानेवरून पाठीवर उतरत होतं. मागून लांकवाय रेटत होता. ओकाई पाय रोवत होता.

वाट जिथं फुटते तिथं उजवीकडे बायकांचं आवार. अमेर्ले दारात उभी होती. पळाली नव्हती, लपली नव्हती. तिची आई चौकट धरून रडत होती.

"आणा," अमेर्ले म्हणाली. "आणा की! मीच मारला ना? मग येऊ दे मला भेटायला."

"ऐकलंत? कबूल झाली!" अडोटे किंचाळला.

ओकाईनं नजर वर केली, तर समोर पूल आणि पुलापलीकडे तो खांब. आजही लाल झेंडा फडकत होता. कुणाचं काय उतरवायचं होतं कुणास ठाऊक, टेबल असेल, नाहीतर आरसा. ओकाईनं मान डावीकडे झुकवली आणि अंगातलं सगळं बळ लावून तो पुलाकडे सुटला.

"अरे, कुठं? कुठं?" लांकवाय मागून ओरडला. पण पुढच्यानं धाव घेतली की मागच्याला फळी सोडता येत नाही, मढं खाली पडेल. तोही फरफटत पुलावर आला. गाव मागोमाग.

पुलाच्या तोंडाशी गार्बा शिपाई. उत्तरेकडचा माणूस, मढ्याला भयंकर भिणारा. त्याला पुलाचे नियम तोंडपाठ होते आणि त्यातच त्याचा जीव. डावीकडून चालायचं, थांबायचं नाही, वळायचं नाही, ढोल वाजवायचा नाही.

"ढोल बंद! डावीकडून! डावीकडून चला!"

पुलाच्या मध्यावर लांकवायनं फळी फिरवायला जोर लावला. "मागं फिर, ओकाई! मढं मागं ओढतंय!"

"ए! वळायचं नाही!" गार्बानं काठी आडवी धरली. एका हातानं नाक दाबलं होतं. "पुलावर कुणी वळायचं नाही! मेलेलं असो, जितं असो! पुढं घ्या ते, लवकर घ्या!"

"अहो शिपाईदादा, आमची रीत आहे..."

"रीत पलीकडे जाऊन करा! थांबलात तर आत टाकीन!"

ओकाईला त्या स्थितीतही हसू फुटलं. ज्या सरकारच्या नियमानं मारलं, त्याच सरकारचा नियम ओबोदाईला पुढं ढकलत होता. पूल संपला. ओकाई थेट निशाणाच्या खांबाकडे गेला आणि फळीचं टोक धाडकन खांबावर आदळलं. वर झेंडा थरथरला.

बंदराचा साहेब ओठ पुसत बाहेर आला. त्याच्यामागं कारकून क्वार्शी, गळ्यात कडक कॉलर, गावाचाच पोरगा पण गावाशी नजर न भिडवणारा.

आता कुणीतरी बोलेल असं ओकाईला वाटलं. मुखिया बोलेल. धडक बसली होती. गुन्हेगार समोर उभा होता, लाकडाचा आणि लाल कापडाचा. रीतीप्रमाणे आता त्याला गावाबाहेर काढायचं.

नुमो बोर्ते खोकला. साहेबाकडे बघितलं, गार्बाच्या काठीकडे बघितलं.

"मढं चुकलं," तो म्हणाला. "खाऱ्या पाण्यात फार वेळ होतं, दिशा कळली नसेल. उद्या पुन्हा उचलू. पुढं दुसरा गडी देऊ."

"तेच म्हणतो मी!" अडोटे म्हणाला. "हा ओकाई मेला अशक्त!"

आणि माना डोलल्या. त्याच कालच्या माना! ओकाईला किळस आली. उद्या दुसरा गडी, उद्या अमेर्लेचं दार. तीही गर्दीमागून पूल ओलांडून आली होती, कडेला उभी होती, तिनंही ऐकलं होतं.

त्यानं फळी हळूच वाळूवर उतरवली.

"मढं चुकलं नाही," तो म्हणाला. "मढं ओढतच नाही. कधीच ओढत नव्हतं. मी ओढलं. माझ्या बापानंही मानेनंच ओढली सगळी. अडोटेनं मला सांगितलं होतं तिच्या दाराशी ने म्हणून. विचारा लांकवायला."

"खोटं!" लांकवाय म्हणाला. "माझी मान अजून दुखतेय, किती ओढत होता तो!"

"कोण ओढत होतं? मी का मढं? सांग की!"

लांकवाय अडोटेकडे बघू लागला. कुणीतरी ओकाईवर मूठभर वाळू फेकली. एक म्हातारी छाती पिटू लागली, कारण कित्येक वर्षांपूर्वी तिची बहीण अशीच धडकेवरून हाकलली गेली होती.

"उद्या कुणाच्याही डोक्यावर द्या," ओकाई ओरडला. "मी वाटेत उभा राहून हेच सांगेन. बघू मग कुणाला चेटकीण म्हणता!"

नुमो बोर्तेनं मान खाली घातली. उद्या फळी उचलली जाणार नव्हती, हे सगळ्यांनाच कळलं. अडोटे गर्दीतून मागच्या मागं सटकला.

साहेबानं काय चाललंय विचारलं. क्वार्शीनं कानाशी लागून सांगितलं. मग साहेब मोकळं हसला आणि काहीतरी म्हणाला.

"साहेब विचारतात," क्वार्शी खालच्या आवाजात म्हणाला, "म्हणजे मढ्याची खांबाबद्दल काही तक्रार नाही ना? यानंच मुद्दाम आणून आदळलं ना? तसंच साक्षीत घालायला सांगितलंय."

ओकाईच्या आता ध्यानात आलं. मेलेला बोलला नाही, तर मेल्यानं कुणाचं नावही घेतलं नाही. झेंडा निर्दोष सुटला. आपल्याच तोंडानं सोडवला आपण त्याला. "नाही, नाही, होडीत मी होतो, मी बघितलंय," तो म्हणू लागला, पण गार्बानं त्याचा दंड धरला होता, पुलावर जमाव आणला म्हणून, आणि आत्ताच खोटं कबूल केलेल्या माणसाचं पुढचं कोण ऐकतो?

अमेर्ले पुढं आली. नवऱ्याच्या चटईवरची वाळू तिनं हातानं झाडली. मग ओकाईसमोर उभी राहिली.

"मला वाचवलंस आणि त्याच्या मारेकऱ्याला सोडून दिलंस."

"हो, वहिनी."

"दुसरं काही सुचलं नाही?"

"नाही सुचलं."

ती वळली, खांबाच्या बुडाशी गेली आणि थुंकली. तिची आई गेली, थुंकली. छाती पिटणारी म्हातारी गेली. मग एकेक करून मासळीवाल्या बायका निघाल्या, खांबाजवळ थांबायच्या, थुंकायच्या, बाजूला व्हायच्या. पुरुष जागचे हलले नाहीत.

साहेबानं कपाळाला आठी घातली आणि क्वार्शीला विचारलं, या बायका करतायत तरी काय?

क्वार्शीनं पहिल्यांदाच त्या बायकांकडे नीट बघितलं. त्यांत त्याची आई होती.

"काही नाही, साहेब," तो म्हणाला. "मेलेल्याला निरोप देण्याची आमच्याकडे अशीच रीत आहे."