दोन तुकड्यांमधली जागा

सहा आठवडे झाले, बाबा जेवायच्या टेबलाशी आले नव्हते.

भांडण झालं नव्हतं. कुणी कुणाला टाकून बोललं नव्हतं. घडलं ते एवढंच, की एका रविवारी सुनेचे आईवडील जेवायला आले होते, बाबांनी बेकरीतला एक जुना किस्सा रंगवून सांगितला, स्वतःच्याच किश्शाला स्वतःच पोट धरून हसले आणि त्या हसण्यात नव्या कवळीची खालची फळी सुटून सरळ सुपाच्या वाटीत जाऊन बसली. सगळे हसले. बाबाही हसले. दोनदा देवाने दात दिले, तिसऱ्यांदा डॉक्टरने दिले, आणि डॉक्टरचे दात माझ्या आधी सूप प्यायला उतरतात, असंही म्हणाले. व्याही तर डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवशी बाबांनी ताट उचललं आणि आपल्या खोलीत नेलं. बातम्या बघायच्या आहेत म्हणाले. तिसऱ्या दिवशीही बातम्या होत्या, चौथ्या दिवशीही. पुढे कुणी कारण विचारेनासं झालं.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो. त्याचं म्हणणं, म्हातारपणी माणसाला थोडं एकटं बसावंसं वाटतं, राहू दे. नात आठ वर्षांची, घरभर फिरत असते म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. तिचं म्हणणं, आजोबा रुसलेत. सून काहीच म्हणत नव्हती, पण सगळ्यांत जास्त तिलाच लागलं होतं.

त्याला कारण होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिची दुपारची पाळी असायची. घरी पोचायला साडेआठ व्हायचे, आणि घरातली सगळी सातलाच जेवून मोकळी. पहिल्या दिवशी ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच चार घास पोटात ढकलायच्या बेतात होती, तर टेबलाशी बाबा बसलेले, समोर झाकलेलं ताट. पहाटे तीनला उठून भट्टी पेटवणारा माणूस; खरं तर ती त्यांची झोपायची वेळ. तिला ओशाळल्यासारखं झालं. त्यावर ते एवढंच म्हणाले, "तू ये सावकाश. मी थांबतो." पाळी बदलेपर्यंत चौदा महिने ते असे थांबत राहिले. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत, तीही बोलली नाही. पण ते दोन शब्द तिच्या मनाच्या गाभाऱ्यात तेव्हापासून तेवत होते. देव माणसाला भेटतो तो बहुधा असाच, झाकलेल्या ताटामागे जांभई आवरत बसलेला.

आणि आता तोच माणूस भिंतीपलीकडे एकटा जेवत होता.

तिने आपल्या परीने खटपट केली. नव्या दातांना त्रास नको म्हणून मऊ मऊ करायचा सपाटा लावला. घोटलेले बटाटे, मऊ अंडं, गाळलेलं सूप, शिजून लगदा झालेल्या भाज्या. ताट अर्धं परत यायचं. बाबा तक्रार करत नव्हते. स्वतः विसळून ताट ओट्याशी ठेवायचे आणि छान होतं म्हणायचे. अर्धं टाकून छान होतं म्हणणारा माणूस किती दुखावलेला असतो, हे तिला कळत होतं. उपाय मात्र सुचत नव्हता.

एअर फ्रायर घरात आला तो याच दिवसांत. सूनबाई साडेसहाला घरी येणार, भिंगरीचा अभ्यास घेणार, साडेसातला जेवण टेबलावर हवं. तिची मैत्रीण म्हणाली की या यंत्रात कुरकुरीत चिकन वीस मिनिटांत होतं, तेलही चमचाभरच. बाबांनी यंत्राकडे एकदा नजर टाकली आणि पंखा बसवलेला डबा म्हणून ते खोलीत निघून गेले. यंत्र ओट्यावर बसलं. त्याचा खोका बसला बाबांच्या खुर्चीवर. वर्षभर तरी खोका टाकायचा नाही, हा सुनेचा नियम. ठेवायला दुसरी जागा चटकन दिसली नाही, म्हणून तात्पुरता तिथे ठेवला. आणि खरं सांगायचं तर रिकाम्या खुर्चीपेक्षा खोका ठेवलेली खुर्ची बघणं तिला सोपं जात होतं.

खोक्याबद्दल तिला आदर होता, कारण तिचं कामच ते. औषधांच्या गोदामात ती पॅकिंगला होती, अकरा वर्षं. तिने भरलेला खोका कानाशी धरून हलवला तर आत चकार आवाज नाही. बोटभर फट दिसली तरी तिचा जीव खालीवर व्हायचा. तिथे एखादी चपटी पेटी, कागदाचा बोळा, काहीतरी सरकवल्याशिवाय ती झाकण लावत नसे. नव्या मुलींना ती शिकवायची, मोकळी जागा म्हणजे फुटलेली बाटली.

सोमवारी तिने चिकन आणलं, बिनहाडाचं. नऊ तुकडे केले. मीठ, मिरी, लसूण लावलं, मैद्यात घोळवले, अंड्यात बुडवले, दुकानातून आणलेल्या ब्रेडच्या चुऱ्यात लोळवले. बाबांसाठी आणखी दोन तुकडे लेप न लावता वेगळे उकडायला ठेवले. मग नऊच्या नऊ तुकडे यंत्राच्या जाळीत असे बसवले, की गोदामातल्या साहेबाने पाठ थोपटावी. खाली पाच, वर चार, मोठ्याच्या बगलेत लहान, कुठे सुई जायला जागा नाही. एका खेपेत सगळ्यांचं होईल, कुणी मागे राहणार नाही, सगळे बरोबर बसतील, हा त्यामागचा हेतू. हेतू इतका चांगला, की चूक दिसायलाच तयार नव्हती.

वरचे चार जरा रंगले. खालचे पाच पांढरेफटक, ओले, एकमेकांना बिलगलेले. सोडवायला गेलं तर चुरा जाळीला आणि चिकन उघडं. भिंगरीने एक घास घेतला आणि पावसात राहिलेल्या पुठ्ठ्यासारखं लागतंय म्हणाली. पॅकिंगवालीची लेक, उपमाही घरचीच. नवरा चव छान आहे म्हणत वरचं आवरण काट्याने बाजूला सारून खात राहिला.

मंगळवारी तिने वेळ वाढवला. जाळी तशीच गच्च, फक्त बारा मिनिटांऐवजी वीस. या वेळी वरचे जळाले आणि खालचे तसेच ओले. नवरा म्हणाला की लिफ्ट अडकली की लोक तेच बटण जोरजोरात दाबतात, तसं चाललंय तुझं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्याने चिकनबरोबर गिळलं.

बुधवारी ती पुन्हा ओट्याशी उभी. नऊ तुकडे, तीच जाळी. आठवा बसवून नववा दोघांच्या मधे दाबत होती, एवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"अगं, हवा कुठून जाईल?"

स्वयंपाकघराच्या दारात बाबा. हातात पाण्याचा रिकामा तांब्या. पाणी न्यायला आले होते. दोन दिवस तो ओल्या चुऱ्याचा वास भिंतीपलीकडून सोसला होता त्यांनी, आज नजरेसमोरच अन्याय चाललेला पाहून राहवलं नाही. तांब्या खाली ठेवला, बाह्या सारल्या आणि सुनेने काही विचारायच्या आत निरूपण सुरू झालं. भट्टीत आग भाजत नाही, भाजते ती हवा. या डब्यातही तेच, फक्त पंखा आहे म्हणून हवा पळते. पण तिला पळायला वाट नको का? मऊ पाव हवा असेल तर गोळे एकमेकांना टेकवून लावायचे, म्हणजे कडा मऊ राहतात. कडक पाव हवा असेल तर प्रत्येक गोळा सुटा. ज्याची कड शेजाऱ्याला चिकटली, ती कड मऊच राहणार, मग तासभर भाजा नाहीतर दिवसभर.

तिने सांगितलं की सुटे लावले तर एका वेळी चारच बसतील. दोन-तीन खेपा होतील. लोक ताटकळतील.

"ताटकळू दे. चाळीस वर्षं लोक माझ्या भट्टीसमोर उभे राहिले, एकानेही उपोषण केलं नाही."

मग त्यांनी नऊही तुकडे बाहेर काढले, ओला चुरा खरवडून टाकला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तुकडे लाटण्याने ठोकून पातळ केले. कागदाने टिपून कोरडे केले; ओल्यावर काही धरत नाही म्हणाले. दुकानच्या चुऱ्याची चिमूट बोटांत चोळून पाहिली आणि ही तर पावडर, तोंडाला लावायची, असं म्हणून पिशवी बाजूला सारली. परवाचे शिळे ब्रेड यंत्रातच मंद आचेवर वाळवून हातांनी जाडसर चुरले. त्यांचा उजवा हात फक्त कोरड्याला, डावा फक्त अंड्याला. एकदाही घोटाळा नाही. मैदा, अंडं, चुरा, तळव्याने एक दाब. मैदा, अंडं, चुरा, एक दाब. प्रत्येक दाब तालावर पडावा तसा. सहा आठवडे ज्या हातांना रिमोटखेरीज काही मिळालं नव्हतं, ते हात आता गात होते. भिंगरी स्टुलावर चढून बघत होती. ती चुऱ्याला हात लावायला गेली तर आजोबांनी कोपराने ढकललं, आणि मग स्वतःच एक तुकडा तिला दाबायला दिला.

लेप लावलेले तुकडे दहा मिनिटं तसेच ठेवायला लावले. यंत्र आधी रिकामंच तापवलं. तुकड्यांवर तेलाचा नुसता हात. मग जाळीत चार, मधे बोट जाईल एवढं अंतर. सुनेचा हात दोनदा त्या फटीकडे गेला आणि दोनदा तिने तो मागे घेतला. अकरा वर्षांची सवय आहे, एका संध्याकाळी कशी सुटेल.

सहा मिनिटांनी उलटले, आणखी चार मिनिटं. जाळी बाहेर आली तेव्हा तुकडे सोनेरी झाले होते. बाबांनी नखाने एकावर टिचकी मारली, कान दिला आणि मान डोलावली.

दुसरी खेप, तिसरी खेप. पहिल्या खेपेला शेवटी मिनिटभर पुन्हा ऊब दिली. टेबलावर ताटं लागली. नवरा बसला, भिंगरी बसली, सून बसली. बाबांनी सगळ्यांना वाढलं आणि स्वतःसाठी ताटात सुनेने उकडून ठेवलेले दोन तुकडे घेतले. बातम्या सुरू झाल्या असतील म्हणाले आणि दाराकडे वळले.

आता या क्षणी सुनेच्या मनात बरंच काही होतं. चौदा महिने होते, ती सुपाची वाटी होती, आईवडिलांच्या हसण्याची लाजही होती. पण यातलं काही बोलली असती तर बाबांना आणखी दोन महिन्यांच्या बातम्या पुरल्या असत्या. तिने फक्त हात मांडीवर ठेवले. समोर गरम चिकन, वाफ निघतेय, आणि ती हलत नाही.

बाबांनी दारातून वळून पाहिलं. बेकरीवाल्याला सगळं बघवतं, पण कुरकुरीत कड डोळ्यांदेखत मऊ पडताना बघवत नाही.

"अगं, खा ना. नरम पडेल."

"पडू दे."

"मी आत जेवतोय गं. तुम्ही सुरू करा."

"तुम्ही या सावकाश, बाबा," ती म्हणाली. "मी थांबते."

नवऱ्याने घास तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला. त्याला काही कळलं नव्हतं, पण काहीतरी चाललंय एवढं कळलं. बाबा दारात उभे राहिले. कुणी कुणाला किती ओळखतं ते अशा वेळी कळतं; तिला त्यांनी त्या चौदा महिन्यांबद्दल कधी विचारलं नव्हतं, आणि आज उत्तर मात्र मिळालं.

ते परत आले. ताट टेबलावर ठेवलं. आपल्या खुर्चीसमोर उभे राहून त्यांनी खोक्याकडे पाहिलं.

"हा कुठे ठेवू?"

"फेकून द्या," सून म्हणाली. नवरा तिच्याकडे बघतच राहिला. वर्षभराचा नियम असा थोड्याच दिवसांत मोडताना त्याने प्रथमच पाहिला.

फेकला नाही त्यांनी. दोन्ही हातांनी उचलून दाराजवळच्या कोपऱ्यात नीट ठेवला आणि बसले. सुनेने उकडलेलं चिकन त्यांच्यासमोरून उचललं आणि एक सोनेरी तुकडा ठेवला, सगळ्यांत पातळ. त्यांनी तो सुरीने बोटाएवढा कापला, कडेच्या दातांखाली धरला आणि डोळे मिटले. गोदामात खोका हलवताना आवाज येऊ नये म्हणून श्वास रोखणारी ती बाई आज आवाज यावा म्हणून श्वास रोखून बसली होती.

कडकन आवाज झाला. बाबांनी अंगठ्याने खालची फळी हलकेच जागेवर दाबली आणि चावत राहिले.

भिंगरीला राहवलं नाही. "आजोबा, काय वाजलं? चिकन की दात?"

बाबांनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला.

"दोन्ही," ते म्हणाले, आणि सुनेच्या ताटाकडे बोट दाखवलं. "आता तरी खा."