हरभऱ्याएवढी माशी

श्याम्या, आधी नुसतं ऐक! मध्ये तोंड घालायचं नाही.

आपला देवव्रत माहितीये ना, तिकडे आखातात नजमा भागात राहतो तो? झुरळ निघालं की खुर्चीवर चढून बायकोला, गार्गीला, बोलावणारा? त्यानं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मालकापुढे एक थाप मारली. मालक बू राशिद, सत्तरीचे, शिकारीचा भयंकर नाद. त्यांनी सहज विचारलं, "तुझे आजोबा काय करायचे?" हा म्हणाला, "शिकार!" आजोबा पोस्टात, बरं का.

तीन वर्षं थाप पचली. मग कॉन्ट्रॅक्ट संपायला पंधरा दिवस उरले, रिन्यूअलचा कागद मालकाच्या टेबलावर सहीला, आणि नेमका त्यांचाच फोन, घरच्या बैठकीत बोलावणारा. "मजलिसमध्ये ये. नवी बंदूक आणलीय. माशी तू निवडायची."

बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी गजानं ठासायची, की एकदाच ठो! आणि माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो तांदळाएवढा उंचवटा, नेम धरायचा. गड्यानं काय करावं? पाच पानी कम्पॅरिझन शीट! माशांना मार्क दिले, टेंडर असल्यासारखे.

तिकडे बंदूकवाला रियाज खोकं उघडून बसलेला. बू राशिदांनी बारीक पात्याची माशी डोळ्यासमोर धरली. "धूसर." हिरव्या ठिपक्याची धरली. "हीपण! हल्ली कुणाला धड काम येत नाही." तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. हात पार लांब नेला, मान मागे, तेव्हा कुठे नाव वाचता आलं.

देवव्रतच्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, दोष माशीत नव्हताच!

त्यानं रियाजच्या कानात म्हटलं, "सर को चश्मा चाहिए."

रियाज दातांतल्या दातांत, "पिछले वाले ने बोला था. अभी गाँव में है."

खलास! म्हणजे खरं बोललेल्याची नोकरीच गेली! शीट खिशात. यानं खोक्यातला सगळ्यात जाड पितळी मणी काढला, हरभऱ्याएवढा. लांबचं हरीण त्यामागे शिंगांसकट झाकलं जावं, असला!

"दिसतेय!" बू राशिद ओरडलेच. "रक्तातच असावं लागतं हे!"

दुसऱ्या दिवशी बू राशिदांनी रेंजवर बार उडवला. धूर एवढा, की गोळी कुठे गेली कुणालाच कळलं नाही. सगळे म्हणाले, माशाल्ला. तिथल्या तिथे दोन वर्षांच्या रिन्यूअलवर सही!

आणि सही करता करता म्हणतात कसे, "नोव्हेंबरात परदेशी शिकारीला जातोय. तुझं तिकीट काढलंय. शिकाऱ्याचा नातू तू, पुढे झाडीत शिरून हाकारा तू करायचा. हरणं माझ्या बंदुकीसमोर आणायची."

पुढे! बंदुकीच्या पुढे!

गार्गी म्हणते, "भडक नारिंगी जाकीट घाल."

"अगं, मी मण्यामागे असणार!"

"मग सांगून टाक खरं."

"म्हणजे उद्या रियाज पुढच्या माणसाला माझंच सांगणार, 'अभी गाँव में है!'"

आता कॉन्ट्रॅक्ट एका हातात, तिकीट दुसऱ्यात. बसलाय तसाच. श्याम्या, खरं सांग, तू काय केलं असतंस?