दोन बंद कोअर

ताई चिपच्या कारखान्यात तपासणीला होती. चिपमधले काही कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे भाग, खराब निघाले की ती स्वस्तात जायची. अशा स्वस्त चिपा कमी पडल्या की धडधाकट चिपांचेही चारातले दोन कोअर कायमचे बंद करून त्या स्वस्तात पाठवायच्या, हे तिचंच काम.

धाकट्या भावाने तसाच स्वस्त कॉम्प्युटर घेतला होता. स्पर्धेसाठीची त्याची ॲनिमेशन फिल्म सकाळी द्यायची होती आणि फिल्म किती तयार झाली ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती.

"वेळेत होईल ना गं, ताई?"

"अवघड आहे."

"बिचाऱ्या चिपचे दोन कोअर जन्मतःच खराब. तरी कशी राबतेय बघ!" त्याने कॉम्प्युटरच्या डब्याला थोपटलं.

ताईला राहवलं नाही. चिपच्या खोक्यावरचा तुकडीचा क्रमांक तिने मघाशीच ओळखला होता.

"खराब नव्हते रे. मीच बंद केलेत."

"अगं, मग चालू कर की!" तो हरखून म्हणाला आणि तिच्यासाठी खुर्ची सोडून उठला.