रानातली धसकटं

नऊ वर्षांपूर्वी दौलतचं पत्र आलं होतं. दौलत माझा मामेभाऊ, माण तालुक्यात शेती करतो. मी त्याला उत्तर दिलं नाही.

ठाण्यातल्या वाचनालयात नोकरी करताना जे चार पुस्तकांत वाचलं, त्याच्या जोरावर मीच त्याला सल्ला दिला होता. आमच्याकडे ज्वारी मुळासकट उपटतात, रान लख्ख करतात. मी म्हटलं, विळ्याने काप, मुळांसकट खालची धसकटं रानातच राहू दे. उघड्या रानातली माती वारा नेतो. त्याने ऐकलं. मग पत्रात लिहिलं, "दादा, गाव आळशी म्हणून हसतंय. यंदाही कापू का? तुम्ही सांगाल तसं."

मी कधी विळा धरलेला नाही. पुस्तक चुकीचं असलं तर? चार उत्तरं लिहिली, फाडली. पुढे लाजेने त्याच्या मुलीच्या, मालनच्या, लग्नालाही गेलो नाही.

गेल्या चैत्रात तीच मालन नौपाड्यात माझ्या घरी आली. हातात दोन पिशव्या. आता बोलणी ऐकून घ्यावी लागणार, म्हणून मी आधी चहा दिला, मग खारी, मग पुन्हा चहा. हल्ली ती टिटवाळ्याला असते. समोर इमारतीसाठी डोंगर सोलून काढलाय, धुळीने खिडकी उघडता येत नाही, त्या वेळी आबांचं, म्हणजे दौलतचं, रान आठवतं, असं सांगत तिने पिशव्या वर्तमानपत्रावर ओतल्या.

एकीत नुसते खडे आणि भरड वाळू. ती बांधापलीकडची, तिच्या चुलत्यांची. दुसरीत मऊ, काळपट माती.

"ही आमची. वाऱ्याने उडालेली त्यांची मातीही आमच्या धसकटांत अडकते. चुलते म्हणतात, दौलत माती चोरतो."

यंदा चुलत्यांनीही ज्वारी कापलीच म्हणे, फक्त उपटायला माणसं मिळाली नाहीत असं गावात सांगितलं.

मी कसंबसं विचारलं, दौलत माझ्यावर रागावला नाही ना.

"कशाला? आबा म्हणाले, नको असतं तर दादांनी कळवलं असतं. म्हणून दर वर्षी कापली."

माझ्या भित्रेपणाला त्याने होकार समजून सांभाळलं होतं.

ती गेल्यावर लिहायला बसलो. "दौलत, पुढच्या वर्षीही काप. मी नुसतं वाचलं, तू करून दाखवलंस. तुझे फार उपकार आहेत." शुद्धलेखन दोनदा तपासलं, पण फाडलं नाही. टपालपेटीपर्यंत चालत गेलो, पाकीट आत सोडलं आणि ते खाली पडल्याचा आवाज ऐकूनच परत फिरलो.