शेजारच्या खोलीची सावली

धाकट्या जावेचा हेवा वाटायला थोरल्या बाईंना फार मोठं कारण कधी लागलंच नाही. सासूबाईंनी धाकटीला आधी हाक मारली, धाकटीच्या कुंडीतलं झाड आधी फुललं, एवढंही यांच्या पोटात दुखायला पुरेसं असे. दोघी एकाच घरात राहायच्या आणि एकाच शाळेत शिकवायच्या. निदान शाळेने तरी लांब ठेवावं, तर तिथेही दोघींचे वर्ग मैदानाच्या कडेला, लागून ठेवलेल्या, आख्ख्या उचलून नेता येतील अशा दोन पत्र्याच्या खोल्यांत.

या खोल्या तात्पुरत्या होत्या. धाकटी लग्न होऊन आली तेव्हाही त्या तात्पुरत्याच होत्या, आणि आता तिचा मुलगा त्याच शाळेत पाढे म्हणत होता.

थोरल्या बाईंची खोली मात्र दुपारी थंड असे. धाकटीच्या वर्गात मुलं वह्यांनी वारा घेत बसायची, इकडे कुणाच्या कपाळावर घाम नाही. "नीट ठेवलं की पत्रासुद्धा ऐकतो," असं त्या घरी, सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या. धाकटी हसून म्हणायची, "तुमच्या हातालाच गुण आहे, ताई." तिचं ते हसणंही बाईंना खुपायचं.

मग एक दिवस मुख्याध्यापकांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, की नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक वर्गखोली शिल्लक राहते आहे. पत्र्याच्या दोनपैकी एक वर्ग तिथे जाईल. कुठला, ते इमारतीचं नियोजन बघणारे साहेब खोल्या पाहून ठरवतील. दुसऱ्या वर्गाचा विचार पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा कधी, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

थोरल्या बाईंनी पदर खोचला. जन्मभर त्यांनी स्वच्छ वहीला पहिला नंबर दिला होता. साहेबही तसंच करणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी पत्र्याची भोकं डांबराने बुजवली, भिंती रंगवल्या, छताखाली चटया ताणून बांधल्या, स्वतः शिवलेले पडदे लावले.

"एवढं घराचं केलं असतंस तर," नवरा म्हणाला.

"घर कुणी बघायला येणार आहे का?" बाई म्हणाल्या.

धाकटीने मात्र काडी इकडची तिकडे केली नाही. तिच्या वर्गाच्या मधोमध बादली तशीच होती. बाईंनाच राहवेना. "अगं, साहेब येणार आहेत. बादली तरी हलव."

"गळतं ना, ताई. हलवून कसं चालेल?"

बाई मनातल्या मनात खूश झाल्या. आता वरची खोली आपलीच.

साहेब आले. त्यांनी बाईंची भिंत बोटाने वाजवली, छताकडे पाहिलं, पडद्यांकडे पाहिलं. "वा, बाई. इतकी सुंदर तात्पुरती खोली मी आजवर पाहिली नाही. ही अजून दहा वर्षं सहज जाईल."

बाईंना आधी धन्य वाटलं. दहा वर्षं म्हणजे काय, ते डोक्यात शिरेपर्यंत साहेब शेजारी गेले होते, आणि तिथल्या जमिनीची फळी त्यांच्या पायाखाली खचली होती. "ही मुलं आधी हलवा," ते मुख्याध्यापकांना म्हणाले. आपल्याच हाताने आपण आपलं वाटोळं केलं, हे बाईंना पुरतं कळलं.

त्या संध्याकाळी भाजी निवडताना धाकटी हळूच म्हणाली, "ताई, मी सरांशी बोलते. वरची खोली तुम्ही घ्या. मी तुमच्या खोलीत येईन."

घेतली असती तर आयुष्यभर तिचे उपकार. "मला माझी खोली बरी आहे," बाई म्हणाल्या. "थंड आहे."

धाकटी वर गेली. तिची रिकामी खोली क्रेनने उचलून नेली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी थोरल्या बाईंचा वर्ग भट्टीसारखा तापला. त्यांनी पडदे ओढले, जमिनीवर पाणी शिंपडलं. भिंतीला टेकलेली एक मुलगी चटका बसून पुढे सरकली. बाई तणतणत बाहेर आल्या आणि थबकल्या. धाकटीच्या खोलीच्या जागी मातीचा उघडा चौकोन होता, आणि त्याच्यावरून पश्चिमेचं ऊन थेट त्यांच्या पत्र्यावर आदळत होतं. इतकी वर्षं ते सगळं ऊन धाकटीच्या वर्गातल्या मुलांनी सोसलं होतं. बाईंच्या हाताला गुणबिण काही नव्हता.

वरच्या खिडकीतून धाकटीने पाहिलं आणि ती स्वतः खाली आली. "ताई, मुलांना वर आणा. दाटीवाटीने बसू."

मुलांनी दप्तरं उचललीसुद्धा. बाईंना मागोमाग जाणं भाग होतं.

वर धाकटीने त्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. "तुमची खोली आजच कशी काय तापली हो?" तिने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं. खरं कारण बाईंच्या ओठांवर आलं, आणि त्यांनी ते गिळलं.

"हवाच तशी आहे," त्या म्हणाल्या.

खिडकीतून वारा फार छान येत होता. थोरल्या बाईंना तो सोसवत नव्हता.